ह हलक्याचा

आमचं शहराचं कलासंग्रहालय भांडणातून जन्माला आलं, हे मी लोकांना पहिल्याच दालनात सांगून टाकते. गाईड आहे मी इथली. आडपडदा ठेवून बोलणं मला जमत नाही.

साबणाचा एक कारखानदार होता. तो गेला आणि त्याचे दोन मुलगे वाटणीवरून असे भांडले की यंव रे यंव! जेवणाचं टेबल करवतीनं मधोमध कापलं. गालिचा कापला. भिंतीवरचं घड्याळ कापता येईना, तर एकानं काटे नेले आणि दुसऱ्यानं लंबक. पुढे दोघांच्याही बायकांना घरातलं हे अर्धंमुर्धं नको झालं, तेव्हा दोघांनी सगळं शहराला दान केलं आणि वर मोठेपणा मिळवला. बापाच्या बंद कारखान्यातच संग्रहालय उघडलं. बॉयलरच्या खोलीत आता पुतळे उभे आहेत, आणि हवा दमट असली की त्यांना अजून साबणाचा वास येतो.

थोरल्याच्या दानातलं एक चित्र म्हणजे आमची शान. जाड वेणीची तरुण मुलगी, ओठ गच्च मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे काठोकाठ भरलेले. कापडाच्या मागे चित्रकाराच्या अक्षरातले शब्द आहेत, पण पहिलं अक्षर कडेला गायब. उरलंय ते ‘सू आवरताना’. आमच्या विद्वानांनी डोकं लढवलं आणि ‘आसू आवरताना’ असं नाव ठरवलं. त्या चित्रासमोर मी असं काही बोलायचे की चांगली धट्टीकट्टी माणसं रुमाल शोधायची. मला त्याचा माज होता. का नसावा?

धाकट्याचं दान बहुतेक कोठारातच पडून आहे. त्यातलंच एक चित्र म्हणजे आमची जिभली. डोळे तिरळे करून हातभर जीभ बाहेर काढलेली एक पोरगी. तिच्या मागे नुसतं ‘ह’. ह म्हणजे हलक्या प्रतीचं, असा कुण्या शहाण्यानं शोध लावला आणि बिचारी कायमची अंधारात गेली. पण कोठारात शिरणारा प्रत्येक जण आधी तिला जीभ दाखवतो आणि मगच कामाला लागतो. आमचे संचालकसुद्धा. मी पाहिलंय!

तर संग्रहालयाचा सुवर्णमहोत्सव आला. आमच्या लाडक्या चित्राखाली ‘आसू आवरताना’ अशी पितळी पाटी बसणार, समोर शहरातली बडी मंडळी, आणि भाषण माझं. मी सासूबाईंना हट्टानं घेऊन गेले. त्या वर्षभरापूर्वीच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्याआधी दुसऱ्या गावी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, सगळे तिला बारकी म्हणायचे, अशा दोघी राहायच्या. बारकीमावशी दीर्घ आजारानं गेल्या आणि सासूबाईंचं हसणंच बंद झालं. माझ्या नवऱ्यानं विनोद सांगून पाहिले, पण त्याच्या विनोदांवर धडधाकट माणूसही हसत नाही.

एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या होत्या, “अगं, बारकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला जाते, तर तो आजारातलाच येतो. गालफडं बसलेला. आधीचा येतच नाही गं. फोटोसुद्धा नाही एक. कॅमेरा दिसला की पळायची मेली.” मी निवडलेली भाजीच पुन्हा निवडत बसले.

समारंभात सासूबाई पहिल्या रांगेत. मी रंगात आले होते. “कोणतं दुःख असेल या मुलीचं? कुणाच्या आठवणीनं...”

“दुःख कसलं डोंबलाचं!” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “मी आहे ती!”

मला वाटलं, धरणीनं आता मला पोटात घ्यावं.

संचालक गोड आवाजात म्हणाले, “आजी, बसा हं. काही गैरसमज होतोय.”

“अहो, माझं तोंड मला कळणार नाही? आमचे वडील याच कारखान्यात साच्यांवर होते. केसांच्या साबणाच्या जाहिरातीला दाट केसांच्या दोन बहिणी हव्या होत्या, म्हणून मालकांनी आम्हाला बसवलं. आणि मी रडत नाहीये, हसू दाबतेय! बारकी शेजारी बसून माझी वेणी ओढत होती आणि जीभ काढून वेडावत होती. चित्रकार ओरडून ओरडून दमला, शेवटी म्हणाला, आहात तश्शाच काढतो.” मग एकदम त्यांची नजर चित्राच्या उजव्या कडेवर अडली. “पण माझ्या वेणीचा शेंडा कुठे गेला? आणि बारकी कुठेय?”

वेणी खरंच उजव्या कडेला जाऊन तुटली होती. टेबल कापणारे, गालिचा कापणारे ते दोघे भाऊ! आणि आम्ही इतकी वर्षं... जीभ! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“आई, थांबा, हलू नका!” म्हणत मी चपला हातात घेऊन कोठाराकडे धूम ठोकली. मागून संचालक “बाई! बाई!” करत धावत होते. आम्ही दोघांनी जिभलीला उचललं. घाईतही संचालकांनी सवयीनं तिला जीभ दाखवली.

दोन्ही तुकडे शेजारी धरले. वेणी सरळ गेली ती जिभलीच्या मुठीत. मागून पाहिलं, तर ‘ह’ची शिरोरेषा ‘सू’च्या शिरोरेषेला जाऊन अशी चिकटली, जणू कधी सुटलीच नव्हती. हसू आवरताना! सभागृहात एकच कल्ला झाला. पाटीवरच्या ‘आ’वर कुणीतरी कागद चिकटवला आणि संचालकांनी स्वतः पेनानं ठसठशीत ‘ह’ काढला. माझं ते रडवणारं भाषण कायमचं बुडालं, आणि मी वेड्यासारखी टाळ्या पिटत होते.

सासूबाई मात्र हळूहळू पुढे आल्या. गुटगुटीत गालांच्या, तिरळ्या डोळ्यांच्या, धडधाकट बारकीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ गच्च मिटले. नाकपुड्या फुगल्या. डोळे काठोकाठ भरले. चित्रातलं तोंड आणि हे तोंड, सगळे आळीपाळीनं बघत राहिले.

आणि मग त्या फस्सकन फुटल्या. पोट धरून, डोळे पुसत, माझ्या खांद्याला लटकून हसल्या. श्वास लागला तशा थांबल्या, पदर सारखा केला आणि चित्राकडे बोट रोखून दटावलं:

“बारके, जीभ आत घे. पाहुणे आलेत.”