पाठीवर म्हणजे कोणाच्या

तू आधी नीट ऐक, निकिता. मध्ये तोंड घालू नकोस, नाहीतर मी कुठे होते तेच विसरते. आणि हसायचं असेल तर शेवटी हस, कारण हसायचं की नाही ते मलाच अजून कळलेलं नाहीये.

आमची तृप्तीताई तुला माहितीय ना, जेल रोडवाली, नोटा छापतात त्या नोटप्रेसला आहे ती. तिला ऑगस्टमध्ये मुलगा झाला. रुद्र. एकदम गोरा, गुबगुबीत, गालाला हात लावला की हसणार, सगळं छान. फक्त त्याला पाठीवर झोपवायचं नाही. म्हणजे त्याचं तसं म्हणणं होतं. पोटावर टाकला की दगडासारखा झोपणार, दोन दोन तास. पाठीवर ठेवला की दोन्ही हात फेकणार, जसा काय गच्चीवरून पडतोय, चेहरा लालबुंद, आणि मग जो टाहो, की खालच्या मजल्यावरच्या काकू चमचा हातात घेऊन वर यायच्या.

आता टाका पोटावर, प्रश्न मिटला, असं तुला वाटेल. पण लस द्यायला नेला तेव्हा डॉक्टरनी सांगितलं की वर्षाचा होईपर्यंत बाळाला पाठीवरच झोपवायचं. पोटावर झोपलेल्या लहान बाळाचा श्वास झोपेतच थांबू शकतो, आवाजही होत नाही, कळतही नाही. अंथरूण सपाट, जरा कडक. उशी नाही, लोड नाहीत, सुट्ट्या गोधड्या नाहीत, थंडी वाजत असेल तर लोकरीचा अंगरखा घाला. पोटावर ठेवायचा तो जागा असताना, तुम्ही समोर बसून. तृप्तीताई हे ऐकून घरी आली ती डोळे मोठे करूनच. बाळ झोपलं की ही त्याच्या नाकाखाली बोट धरून बसलेली.

आणि घरात सासूबाई. धोंडाबाई. सिन्नरकडच्या, चार मुलं वाढवलेल्या.

"चार पोरं पोटावर निजवली," म्हणाल्या, "एकाला बी काय झालं नाय. त्यातलंच एक तुझा नवरा हाय."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या डॉक्टरला मिशी तरी फुटलीय का? डोकं चपटं होईल पोराचं. उद्या लग्नाला उभं राहिलं की पोरी मागनं बघतील आन पळतील."

म्हणून त्यांनी मोहरीची उशी शिवलेली. छोटीशी, लाल फुलांच्या कापडाची, आत मोहरी, डोक्याला गोल आकार यायला. ताई ती उशी काढून कपाटात ठेवायची, उशी परत पाळण्यात. माळ्यावर टाकली, परत पाळण्यात. आणि त्यांचे तर गुडघे दुखतात, त्या माळ्यावर चढल्या कशा, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

ताईने काय काय नाही केलं. ओढणीत हात गुंडाळून ठेवला, तर तो कुशीवर वळायला लागला होता म्हणून डॉक्टर म्हणाले, आता गुंडाळणं बंद. पेंगुळला की ठेवायचा, पूर्ण झोपल्यावर नाही, असं कोणीतरी सांगितलं. तेही केलं. तो पेंगुळलेलाच नसायचा, तो नुसता वाट बघत असायचा, ही मला कधी ठेवते. आणि ललितदाजी, तिचा नवरा, एका रविवारी म्हणाले, त्याला दाखवायला पाहिजे कसं झोपायचं ते. शेजारी चटईवर पाठीवर पडले, म्हणाले, बघ रुद्र, असं. आणि तीन मिनिटांत घोरायला लागले. रुद्र त्यांच्याकडे बघून रडतोय आणि हे घोरतायत. ताई म्हणते, त्या दिवशी मी दोघांनाही उलटं करून ठेवणार होते.

आता मुख्य गोष्ट. साडेचार महिन्यांची रजा संपत आलेली. तीन जानेवारी, सोमवार, त्या दिवशी हजर व्हायचं. आणि रुद्र कोणाजवळ ठेवायचा? सासूबाई आहेत की, असं सगळे म्हणणार. पण ताई एकदा खाली दूध आणायला गेली, दहा मिनिटं, आणि वर आली तर रुद्र पोटावर, गाल उशीत रुतलेला, गाढ झोपेत.

"तो आपोआप पलटला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि उशी, आई? ती पण आपोआप चालत आली?"

ताई म्हणते, दहा मिनिटांत हे, तर आठ तासांच्या ड्यूटीत काय होईल?

म्हणून तिने भागीबाई शोधली. सुरगाण्याकडची, भात कापून झाला, नागली काढून झाली की इकडे येते, मुलगा बांधकामावर आणि ही चार घरची भांडी घासते. पन्नाशीची असेल, काटक, बोलणं कमी. कोणाशीही अरे-तुरेच बोलणार, पण त्यात राग नसतो, त्यांच्याकडे तसंच असतं. ताईने तिला गुरुवारी बोलावलं, कारण गुरुवारी तिला प्रेसमध्ये फिटनेसचे कागद द्यायला जायचं होतं. म्हटलं तालीम होईल.

आणि निघताना ताईने तिला वीस वेळा सांगितलं.

"भागीबाई, याला पाठीवर झोपवायचं. पोटावर अजिबात नाही."

"पाठीवर. बरं."

"आजी म्हणतील पोटावर टाक. ऐकायचं नाही."

"नाय ऐकायचं."

"रडला तरी पाठीवरच. झोपला की उठेपर्यंत पाठीवरच."

भागीबाईने जरा विचार केला. "उठंस्तोवर सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"जेवताना बी?"

ताईला वाटलं रुद्रच्या दुधाचं विचारतेय. म्हणाली, "दूध पाजताना मांडीवर घ्या. पिऊन झोपला की पाठीवर."

"बरं बाय. जमंल."

आता तुझा चेहरा बघून कळतंय की तुला कळलंय. पण ताईला नाही कळलं ना. ती खुशीत रिक्षात बसून गेली.

बारा वाजता तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"झोपलाय का?"

"कवाचा झोपलाय."

"कसा?"

"पाठीवरच झोपलाय बाई तुझा." आणि आवाज असा, की हसतायत का चिडल्यात काही समजेना. "ये तू घरी आन डोळे भरून बघ."

ताईने फोन ठेवला आणि तिला रडूच यायला लागलं आनंदाने. साडेचार महिन्यांत जे तिला जमलं नाही ते त्या बाईने एका सकाळी केलं. येताना तिने बिटको चौकात उतरून भागीबाईसाठी पाव किलो जिलबी घेतली, बोल.

दीड वाजता घरी. पाळणा रिकामा. चटई रिकामी. सासूबाई पलंगावर, तोंडाला पदर लावून. आणि स्वयंपाकघरात भागीबाई ओट्याला टेकून उभी, आणि तिच्या पाठीवर, लुगड्याच्या जुन्या तुकड्यात करकचून बांधलेला, गाल तिच्या खांद्याला लावून, तोंड उघडं टाकून झोपलेला रुद्र.

"हळू बोल," भागीबाई म्हणाली. "आता लागलाय डोळा परत."

ताईने आधी त्याचं नाक बघितलं. मोकळं होतं, मान एका बाजूला, श्वास चालू. मग ती तिथेच खाली फरशीवर बसली, चपला पायात, जिलबी हातात.

"तुम्ही उभ्या का आहात?"

"बसलं का जागा व्हतो. तू म्हणलीस उठंस्तोवर पाठीवर. मंग बसले नाय."

"कधीपासून?"

"साडेधापासून म्हणत्यात आजी. जेवले बी नाय. तू म्हणलीस ना, सगळा वेळ."

आणि सासूबाई दारातून. "मी धा वेळा म्हटलं, खाली ठेव, पोटावर घाल, चार घास खा. ऐकंल तर शप्पथ. म्हणे बाईनं सांगितलंय. खालची काकू येऊन बघून गेली. हसली."

ताईला तिला ओरडायचं होतं, गळ्यात पडायचं होतं आणि झोपायचं होतं, तिन्ही एकदम. ती म्हणाली, "भागीबाई, तुमच्या पाठीवर नाही. त्याच्या पाठीवर."

भागीबाई तिच्याकडे बघतच राहिली. "तेच्या पाठीवर तो कसा निजंल? आपल्याच पाठीवर कोण निजतं?"

"म्हणजे तोंड वर. पोट वर. छताकडे बघत."

"उताणा?"

"हां. उताणा."

"मंग उताणा म्हणायचं ना, बाय," भागीबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज जरा चढला. "पायाला मुंग्या आल्या माझ्या."

तुला सांगते निकिता, हा शब्द आपल्या तोंडात येतच नाही. डॉक्टर म्हणाले पाठीवर, ताई म्हणाली पाठीवर, आणि उताणा हा चांगला मराठी शब्द कोणालाच आठवला नाही.

मग भागीबाईने काय केलं, तर गुडघ्यावर बसली, गाठ सोडली, त्याला पुढे घेतला आणि चटईवर ठेवला. पण कसा ठेवला, आधी ढुंगण, मग पाठ, डोकं अगदी शेवटी, आणि हाताचा पंजा छातीवर तसाच. त्याने हात फेकले. तिने पंजा काढला नाही. त्याने एक डोळा उघडला. ती दुसरीकडेच बघत बसली, जशी काय तिला त्याची पर्वाच नाही. आणि तो झोपला. उताणा. चाळीस मिनिटं. घरात कोणी जिलबीचा कागदसुद्धा उघडला नाही.

ताईने डॉक्टरना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाठीवर बांधून फिरवायला हरकत नाही, नाक मोकळं दिसलं पाहिजे, हनुवटी छातीत रुतायला नको, चुलीजवळ नको. पण झोप लागली की खाली, उताणा. हां, डॉक्टरही आता उताणा म्हणतात. आणि पलटायला लागला, तर पोटावरून परत स्वतः उताणा होता येईपर्यंत तुम्ही त्याला सरळ करायचं. दोन्हीकडे आपला आपण वळायला लागला की मग झोपेत वळला तर वळू द्यायचं. ठेवायचा मात्र उताणाच.

सगळं सुरळीत, नाही का? तर नाही. रविवारी सासूबाईंनी बॅग भरली.

"मला काय कळत नाय, तिला सगळं कळतं. मंग तीच राहू दे. माझा नातू गाठोड्यासारखा बांधून फिरवला, आन जिलबी तिला." म्हणाल्या, सोमवारी सकाळी सिन्नरची एसटी धरते.

आता ताईचं बघ. ज्यांना शब्दाचा अर्थ बरोब्बर कळला होता, त्यांनी एकदाही तसं केलं नाही. आणि जिला अर्थच कळला नाही, ती तीन तास उपाशी उभी राहिली. पण ताई ऑफिसात असताना सासूबाई रुसून गावी बसल्या, तर ललितदाजी काय म्हणतील, आणि भागीबाई एकटी, तिने भांडी घासायची का याच्याकडे बघायचं?

सोमवार. साडेसात. खाली रिक्षा उभी. सासूबाई दारात, बॅग पायाशी. भागीबाईने रुद्रला दूध पाजून चटईवर ठेवलेला, उताणा, पंजा छातीवर. तिने हात काढला. आणि त्याने एक पाय उचलला, कंबर फिरवली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धपकन पोटावर. जन्मात पहिल्यांदा, म्हणजे ताईने बघितलेलं पहिल्यांदा.

मग सासूबाई म्हणाल्या, "आपोआप."

भागीबाईने त्याला उताणा केला. तो परत पलटला. तिने परत केला. तो परत. आणि हसतोय गधडा.

ताईने सासूबाईंकडे बघितलं. "आई, त्या दिवशी खरंच आपोआप पलटला होता?"

सासूबाईंनी बॅगेचा पट्टा ओढला. "उशी मीच ठेवली व्हती," म्हणाल्या. "पण पलटला तो आपोआप."

खालून रिक्षावाल्याचा हॉर्न. भागीबाई विचारतेय, "बाय, असाच दिवसभर उलटा-पालटा करू?" सासूबाईंच्या बॅगेतून मोहरीच्या उशीचं लाल टोक बाहेर डोकावतंय. एसटी आठला, ताईची हजेरी आठला.

ताईने काय केलं, ती उशी बॅगेतून ओढली, आपल्या पर्समध्ये कोंबली आणि म्हणाली, "आई, दोन हात पुरत नाहीत याला. भागीबाई उताणा करतील, तुम्ही समोर बसून मोजा किती वेळा आपोआप होतो ते." आणि उत्तर ऐकायला न थांबता जिना उतरली.

प्रेसच्या गेटवर झडती घेणाऱ्या बाईने पर्समधून ती उशी काढली, दाबून बघितली, आत खळखळ वाजतंय. "मॅडम, हे काय?" आणि मागे सगळी रांग थांबलेली, आणि घरी बॅग अजून दारातच आहे की एसटीत गेली, हे ताईला माहीत नाही. ती तरी रुद्रला त्या दोघींवर सोडून रिक्षात बसली. तू सांग, खरं सांग, तू काय केलं असतंस?