चार सायकली आणि एक विहीण

गेल्या वर्षात मोठीबाईनं चार सायकली चालवल्या आणि हौसेनं त्यातली एकही नाही. चारही जळफळाटानं. जळायला पेट्रोल लागत नाही, एवढंच काय ते बरं.

मोठीबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीची मालकीण. शाळेची पायरी तिनं जेमतेम ओलांडली होती, पण तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. लेक, सून, इस्त्री करणारे, गिऱ्हाइकं, सगळे तिच्या शब्दात. एक नात तेवढी सुटलेली. तिला घरात ठिणगी म्हणायचे, आणि ती होतीही तशीच.

ठिणगीला आणखी एक आजी होती. दुखणं तिथंच होतं. ही सूनबाईची आई, नर्स. उभा जन्म सायकलवरून घरोघर इंजेक्शनं टोचत हिंडलेली, काटकुळी, केसांची बट इकडची तिकडे न होणारी. तिनं ठिणगीला सायकल शिकवली. दर रविवारी दोघी नदीच्या बांधावरून पुलापर्यंत जायच्या. परत आलं की ठिणगीच्या तोंडी नुसतं ‘नर्सआजी’. नर्सआजीनं एका हातानं चालवून दाखवली, नर्सआजी उतारावर ब्रेकच लावत नाही. मोठीबाई शर्टाच्या बाह्यांना इस्त्री करता करता ऐकायची आणि इस्त्री जरा जास्तच दाबायची. दोन बाह्या त्यापायी करपल्या.

एकदा तिनं विचारलंच, “काय गं, मला कधी म्हणाली नाहीस, आजी तू पण चल?”

“तुला कुठे येते सायकल?” ठिणगी म्हणाली. बोलण्यात खोच नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

त्याच दिवशी मोठीबाईनं मनाशी गाठ मारली. ठिणगीबरोबर आपण बांधावरून जायचं, आणि विहिणीनं ते उघड्या डोळ्यांनी बघायचं.

पहिली सायकल ठिणगीचीच, तिला आखूड झालेली. मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला मोठीबाई तिच्यावर चढायची. गुडघे हँडलला आपटायचे. एकदा तोल गेला आणि दोरी, चादर, चिमटे, सगळं अंगावर घेऊन बाई आडवी झाली. लेक धावत आला.

“आई, हे काय करतेस?”

“चादरी काढतेय. दिसत नाही?”

दुसरी सायकल विहिणीच्या घरची, व्यायामाची, जागच्या जागी फिरणारी. विहिणीचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली. मोठीबाई जेवायला गेली होती. विहीण आत वळली तशी ही चढून बसली. समोरच्या भिंतीवर ठिणगीचा आणि नर्सआजीचा पुलावरचा फोटो, दोघी दात काढून हसताहेत. मोठीबाईनं पायडल मारमार मारलं. फोटो काही जवळ येईना.

“कुठवर पोचलात, विहीणबाई?” विहीण दारात उभी होती.

“तुमच्या घरात कोण कुठे पोचलंय, म्हणून मी पोचणार?” मोठीबाई म्हणाली. पण उतरताना पाय अडकला आणि उत्तराची निम्मी धार तिथंच गेली.

तिसरी लॉन्ड्रीची. काळी, दणकट, मागे रुंद कॅरियर. खरी शिकली ती हिच्यावर. लॉन्ड्रीचा एक नियम होता, मोठीबाईनंच घातलेला: सायकल रिकामी हिंडवायची नाही. जाताना धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं, येताना मळक्यांचं. तो तिनं स्वतःही मोडला नाही. आधी गल्लीत, मग दवाखान्याच्या रस्त्यानं, शेवटी हॉटेलच्या चादरींचा डोंगर लादून थेट चढावर. पायात गोळे यायचे, पण हँडल म्हणून हलायचं नाही.

“आई, जपून हं, आता वय झालं,” सूनबाई म्हणाली.

“वय झालं तुझ्या आईचं. माझे कपडे पोचायचेत.”

आणि झालंही तसंच. वर्ष सरता सरता विहिणीचा गुडघा पुरता रुसला, सायकल बंद झाली. बातमी ऐकून मोठीबाई तोंडानं “अरेरे” म्हणाली. आत मात्र ढोल वाजले.

रविवारी सकाळी विहीण लंगडत आली. हातात तिची सायकल, हलकी, चकचकीत. “ही घ्या. पोर वाट बघतेय. तुमच्या त्या रेड्यावर बसून तिच्यामागे कुठे धावणार?”

ही चौथी. रेडा म्हटल्याचा राग मोठीबाईनं गिळला. विहिणीचीच सायकल, विहिणीच्याच देखत! ह्याहून आणखी काय हवं? ती ऐटीत चढली, पायडल मारलं, आणि हँडल सापासारखं वळवळत तिला कुंपणात घेऊन गेलं. उठली, पुन्हा चढली, पुन्हा कुंपण. तिसऱ्यांदा गटाराच्या काठावर थांबली.

“आजी, तुला येते म्हणालीस ना?” ठिणगीचा चेहरा पडला होता.

“सायकलच वाकडी आहे. मालकिणीवर गेलीय.”

विहीण मात्र हसली नाही. तपासणाऱ्या नजरेनं बघत म्हणाली, “विहीणबाई, तुम्ही मोकळी सायकल चालवलीय कधी?”

“मोकळी कशाला चालवेल कुणी?” मोठीबाई म्हणाली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चांगली चालवायला लागल्यापासून तिच्या पाठीशी गाठोडं नव्हतं असा एक दिवस नव्हता. लगाम धरावा तसं ती हँडल दाबून धरत होती, आणि ही हलकी सायकल तर फुंकरीनं वळत होती.

विहीण मागच्या कॅरियरवर येऊन बसली. “मी गाठोडं. चला.”

“तुम्ही? हॉटेलच्या उशा जास्त भरतील.”

“महिना झाला पूल बघून,” विहीण हळूच म्हणाली. “चला ना.”

मोठीबाईनं दात आवळून पायडल मारलं. सायकल सरळ निघाली, दोरी ताणल्यासारखी. ठिणगीनं टाळ्या पिटल्या आणि आपल्या सायकलवरून बांधावर पुढे सुटली, बघता बघता पुलापाशी पोचली, मागे वळली आणि हात उंच करून हलवू लागली.

“मला हात केला,” मोठीबाई धापा टाकत म्हणाली.

“तुमचं लक्ष रस्त्यावर. मला केला.”

“उतरा खाली.”

“उतरते. मग पडा.”

तेवढ्यात मागून घंटी किणकिणली. ठिणगीच्याच वयाची एक मुलगी दोन वेण्या उडवत शेजारून सुळकन निघून गेली. ठिणगीचा हात तिच्यासाठी होता. दोघी पोरी हसत हसत पूल ओलांडून पलीकडे निघाल्या. मागे बघितलं नाही कुणीच.

“कोण गं बाई ही?” दोन्ही आज्या एकदम म्हणाल्या.

“हँडल बघा कसं धरलंय,” मोठीबाई म्हणाली.

“वळण नाही काडीचं,” विहीण म्हणाली. वर्षात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं. मग तिनं मोठीबाईची कंबर घट्ट धरली. “मारा जोरात. पलीकडे उतार आहे, ब्रेक लावू नका.”