सीलबंद पाकीट

व्हाइटफील्डच्या त्या कंपनीत अकरा वर्षं डेटाबेस सर्व्हर मी सांभाळला. दर तीन महिन्यांनी ॲडमिनचा पासवर्ड बदलायचा, कागदावर लिहायचा, पाकीट सीलबंद करून मॅनेजर मकरंदसरांच्या कपाटात ठेवायचं. दुसरी प्रत कुठेही ठेवायची नाही, हा नियम त्यांचाच.

सोमवारी त्यांनी मला दहा मिनिटांत कामावरून काढलं. वर सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, "याच्या हस्ताक्षरातला एकही कागद ठेवू नका. काय काय लिहून ठेवलं असेल कुणास ठाऊक!" मी चोरच ना! माझ्या डोळ्यांदेखत सगळे कागद श्रेडरमध्ये गेले. कपाटातलं पाकीटही गेलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर सर खेकसले, "तू गप्प बस, महांतेश!"

गुरुवारी दुपारी राजाजीनगरला घरी जेवत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. सर्व्हर सकाळपासून बंद पडला होता.

"महांतेशराव, तो पासवर्ड आठवतोय का हो तुम्हाला?"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी 'राव' झालो होतो. पासवर्डची चोवीसच्या चोवीस अक्षरं डोळ्यांसमोर होती.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही गप्प बसायला सांगितलंत. बसलोय."