रेवणप्पासाठी घर

"ह्यांना घरी नेऊ नका," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं निघून गेला. मग न्यायचं कुठं, हे सांगायला काही तो थांबला नाही. डॉक्टर लोकांचं हे बरं असतं.

बसव्वाचा धाकटा, गिरणीत माग चालवणारा भाऊ रेवणप्पा सरकारी दवाखान्यात येऊन वीस दिवस झाले होते. पहिले पाच दिवस त्याला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसत होत्या, हातपाय खाटेला बांधावे लागले होते. आता तो माणसासारखा बसत होता आणि चहा न सांडता पीत होता. शनिवारी सोडणार होते. पण बसव्वाच्या खोलीपासून वीस पावलांवर शिंदीचं दुकान, आणि दारूबंदी ढिली झाल्यापासून त्याच्या शेजारीच देशीचंही. त्या गल्लीत परत नेला की आठ दिवसांत पुन्हा हीच खाट. "आणखी एकदा अशी वेळ आली तर वाचायचे नाहीत," हेही डॉक्टर बोलला होता. सहा महिने दुसरीकडं ठेवा म्हणे, चांगल्या ठिकाणी.

चांगलं ठिकाण! सोलापुरात म्हशीला गोठा मिळतो, वऱ्हाडाला जानवसा मिळतो. दारू सोडलेल्या माणसाला जागा विचारली, की लोक असे बघतात जणू साथीचा रोगी दारात आणलाय. रेवणप्पाची बायको दोन पोरं घेऊन मैंदर्गीला माहेरी निघून गेली होती, आणि तिला नावं ठेवायला बसव्वाची जीभ रेटत नव्हती. चुलतभाऊ सिद्धलिंगप्पाकडं गेली, तर तो म्हणाला, "अक्का, लेकीचं जमत आलंय. पावणे येत्यात-जात्यात. समजून घे की." बसव्वानं समजून घेतलं. विधवा होऊन भावाकडं परत आल्यापासून ती समजूनच घेत होती.

मग कुणीतरी शहराबाहेरचा एक मठ सांगितला. तिथले बाबा म्हणे अंगारा लावतात आणि दारू सुटते. बसव्वा उन्हातान्हात चालत गेली. मठ झकास होता, झाडलोट केलेला, उदबत्तीचा वास. पण मागच्या लिंबाला एक माणूस पायात साखळी घालून बांधला होता.

"ह्याला का बांधलाय?" तिनं शिष्याला विचारलं.

"अंगारा लागू पडंस्तवर बांधावं लागतंय, माय."

"आन् किती दिवस झाले?"

"दीड वरीस."

"दीड वर्षात साखळी लागू पडली, अंगारा कुटं पडला?" असं म्हणून बसव्वा आली तशी माघारी फिरली. वाटेत तिला रडू आलं, ते तिनं रागानंच पुसलं.

बुधवारी ती रावजीच्या बोर्डिंगात गेली. गिरणी कामगारांसाठीच्या ह्या बोर्डिंगच्या दारावर ठळक पाटी होती, 'येथे फक्त निर्व्यसनी लोकांस जागा मिळेल'. पाटी एका बाईकडून वाचून घेतली तेव्हा बसव्वाचा जीव भांड्यात पडला. दुपारची वेळ होती. खोल्या स्वच्छ, माठ झाकलेले, कोपऱ्यात तांब्याला तांब्या लावून ठेवलेला. रावजी गोडबोल्या. "आमच्यात सुपारीचं खांड बी चालत न्हाय, अक्का," म्हणाला. जागा पक्की झाली. संध्याकाळी बसव्वा भावाचं अंथरूण ठेवायला पुन्हा गेली, आणि बरं झालं गेली. पहिली पाळी सुटून दोन-तीन तास झाले होते. निर्व्यसनी मंडळी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून जिना चढत होती, एकाचा पाय पायरीवर लागेना, आणि रावजी स्वतः खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! अंथरूण डोक्यावर घेऊन बसव्वा परत आली. एक गोष्ट मात्र ती शिकली. घर दुपारी बघायचं नाही. दुपारी सगळीच घरं सोवळी असतात. पाळी सुटल्यावर बघायचं.

गुरुवारी वॉर्डात झाडू मारणाऱ्या दगडाबाईनं तिला बाजूला घेतलं. "खाजाभाई गादीवाल्याकडं बघ. माजा दीर हाय तितं, वरीस झालं. खाजाभाई सोता चौदा वर्सं पीत हुता."

"मुसलमानाच्यात?" बसव्वाच्या तोंडून निघून गेलं. "आमी लिंगायत हाय, बाई."

"मग लिंगायताच्यात ठिव की," दगडाबाई म्हणाली आणि झाडू मारायला लागली.

बसव्वा त्याच संध्याकाळी गेली, आणि न सांगता गेली. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. खाली कापूस पिंजायची शेड, वर राहायची माडी. पाटी नाही की उदबत्ती नाही. दिवेलागणीपर्यंत एकेक करून चार माणसं आली, नळावर हातपाय धुऊन शेडमध्ये बसली. भाकरीचं टोपलं मधोमध आलं, पण कुणी हात लावेना. पांढऱ्या दाढीचा एक माणूस दोनदा रस्त्यावर येऊन बघून गेला. मग त्यानं सायकल काढली आणि निघाला. टोपलं तसंच.

अर्ध्या तासानं तो परतला, सायकल हातात धरून. बरोबरचा माणूस दुसऱ्या बाजूनं सायकलीला धरून चालत होता, आणि नीट चालत नव्हता. बसव्वाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तरातरा रस्ता ओलांडून शेडमध्ये शिरली.

"हेच का तुमचं घर? दगडाबाईनं मला हेच बघायला धाडलं?"

दाढीवाल्यानं, म्हणजे खाजाभाईनंच, त्या माणसाला नळाखाली बसवलं. दुसऱ्या एकानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला. कुणी शिवी दिली नाही, कुणी पाठही थोपटली नाही.

"व्हय, हेच घर, बहन," खाजाभाई म्हणाला. "महिपती आज पिऊन आला. सात महिन्यांत दुसऱ्यांदा. आज ह्यो वर न्हाय झोपायचा, खाली माज्याजवळ. उद्या कामाला बसंल. बसा तुमी."

बसव्वा बसली, कारण पाय दुखत होते. आणि चार दिवसांत, आमच्याकडं कुणी पितं, असं तोंडानं सांगणारा हा पहिलाच माणूस होता.

मग तिनं सगळं विचारलं. दाराला कुलूप असतं का? नाही. पळून गेला तर? शोधायला जातो. खायला काय? आमटी-भाकरी, मटण खायचं त्यानं बाहेर खावं. काम? गाद्या शिवायच्या. हात थरथरणाऱ्याला सुई धरता येत नाही. धरता यायला लागली की त्याचं त्यालाच कळतं. बाजाराच्या दिवशी? दोघं दोघं मिळून जातात. खाजाभाई टाके घालत घालत उत्तरं देत होता, आणि बसव्वाच्या मनातलं कुरकुरणं एकेक करून गप्प होत होतं. जागा होती. वरची एक खाट रिकामी होती. देवा सिद्धेश्वरा, आता तरी, असं तिला वाटलं.

"तुमचं झालं? आता मी एक इच्यारतो," खाजाभाई म्हणाला. "भाऊ रोज किती प्यायचा?"

तिनं सांगितलं.

"आन् गिरणीत कामाला जायचा?"

"चार वर्सांत खाडा न्हाय त्याचा," बसव्वा म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

खाजाभाईची सुई थांबली. "इतकी पिणारा आठ घंटे मागावर हुबा ऱ्हातो? बहन, मी बी गिरणीतच हुतो. चार घंट्यांत हात नाचाया लागत्यात, तुटलेला धागा सांधता येत न्हाय. दुकान काय गिरणीत येत न्हाय. कोण आणून द्यायचं?"

"मला काय म्हाईत?" बसव्वा ताडकन उठली. "जागा द्यायची नसंल तर तसं सांगा की! मी काय चोर हाय का?"

खाजाभाई पुन्हा टाके घालायला लागला. शेडमध्ये बसलेल्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी होतंच.

"मीच," बसव्वा म्हणाली. "सकाळी कपभर. आन् जेवणाच्या सुट्टीला गेटावर, भाकरीच्या पिशवीतनं. न्हाय दिली तर नुसता तडफडायचा. काम गेलं असतं. घरात दुसरं कमावणारं कोण हाय? मी त्याचा जीव घ्यायला न्हाय दिली, खाजाभाई."

"म्हाईत हाय," खाजाभाई म्हणाला. "माजी अम्मी बी द्यायची."

तो रेवणप्पाला घ्यायला तयार झाला. शनिवारी तो स्वतःच दवाखान्यात जाऊन आणणार होता. अट एकच. सहा महिने बसव्वानं भावासमोर यायचं नाही.

घरी जाताना बसव्वा वाटभर खाजाभाईला शिव्या घालत होती. रेवणप्पाला मी वाढवला. आई मेली तेव्हा एवढासा होता. ह्या दाढीवाल्यानं मला सांगावं, यायचं नाही म्हणून? गावभर घरं मी धुंडाळली, साखळ्या बघितल्या, झिंगलेले जिने बघितले, आणि शेवटी खोट निघाली ती माझ्यातच? असलं कुठं असतं का?

शनिवारी ती गेलीच. समोर नाही जायचं, लांबून बघायचं, कपडे खाजाभाईच्या हातात द्यायचे, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. फाटकापलीकडं टांगा उभा होता. रेवणप्पा खाजाभाईबरोबर बाहेर आला. दाढी केलेली, अंगावर थोडं मांस धरलेलं. लग्नात दिसला होता तसा दिसत होता. बसव्वाला राहवलं नाही. ती दोन पावलं पुढं आली.

"अक्का," तो म्हणाला.

पण त्याचे डोळे तिच्या तोंडावर आलेच नाहीत. ते तिच्या हातातल्या त्याच भाकरीच्या पिशवीवर गेले आणि तिथंच राहिले. आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

बसव्वा वळली आणि चालायला लागली. पिशवीत त्याचे दोन धुतलेले सदरे होते. ते घेऊन ती तशीच घरी गेली.