खुर्चीत अडकलेल्या कथा

“वेत आधी भिजू दे. कोरडा ओढलास तर तडकेल,” मला विणताना म्हातारे कारागीर आपल्या सुनेला सांगत होते. माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द. मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. सुनेने धीराने वेत भिजवला, म्हणून तर आजवर टिकले.

मला विकत घेतलं दवाखान्यात नर्स असलेल्या एका बाईंनी. सगळे त्यांना मावशी म्हणत. माझ्यात बसून त्यांनी तीन मुलं पाजली, आजारी नवऱ्याला पेपर वाचून दाखवला. पाहुणे म्हणत, “काय ऐसपैस खुर्ची आहे हो!” मग मुलं लांब गेली, नवराही गेला. गुबगुबीत सोफा आला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. वाईट वाटे; पण भीती कधी वाटली नव्हती.

ती वाटली मावशींची भाची मला मागून घेऊन गेली तेव्हा. एका छोट्या विनोदी फिल्मसाठी सामान जमवायचं काम तिच्याकडे होतं. एका लेखकाला काही सुचत नाही, अशी गोष्ट. त्याला वाटतं, सगळ्या कथा खुर्चीत अडकल्यात. म्हणून तो खुर्चीचा ताप मोजतो, तिला चमच्याने औषध पाजतो, थोपटून झोपवतो. इथवर मला गुदगुल्याच झाल्या. मग दिग्दर्शकांनी शेवटचं पान वाचलं, “लेखक करवतीने खुर्ची कापतो. आत काहीच नाही.”

देवा रे! माझा वेत न् वेत थरथरला.

फिल्मवाल्यांची एक रीत असते, मित्रांनो. शेवटचं दृश्य ते पहिल्या दिवशीही घेतात. करवत एकाच दिवसासाठी मागून आणलेली, म्हणून कापणं आधी ठरलं. लेखकाचं काम करणारे काका खरे पोस्टात नोकरीला. त्यांनी दिग्दर्शकांना विचारलं, “साहेब, कापताना मनात काय आणू?”

“काही आणू नका. तुम्हाला काही सुचतच नाहीये, काका!”

कॅमेरा सुरू झाला. खर्र... खर्र... करवतीचे दात माझ्या पुढच्या पायात रुतले. भुसा पडू लागला. मला ओरडताही येईना.

“अहो थांबा!” भाची किंचाळली. “आज कापलीत तर उद्या औषध कुणाला पाजणार?”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “अरेच्चा! बरं, करवत ठेवून घ्या. शेवटी कापू.”

सगळे हसले. मी सोडून.

पुढचे दोन दिवस करवत भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. औषध म्हणजे नुसतं साखरेचं पाणी, तरी माझ्या घशाखाली उतरेना. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले.

तिसऱ्या दिवशी मावशी शूटिंग बघायला आल्या. वाकून त्यांनी माझ्या पायावरून बोट फिरवलं.

“हे काय गं? काय झालं हिच्या पायाला?”

भाचीने मान खाली घातली. “उद्या हिला... कापायचं आहे, मावशी. तुला सांगायची छातीच झाली नाही.”

“तू तर म्हणालीस, नुसती बसायला हवी.”

“चुकले गं.”

मावशी ओरडल्या नाहीत. “गॅलरीत टाकली, ती चूक माझी. पण घरात माझं सुखदुःख ठाऊक असलेली आता हीच उरलीय.”

भाचीचे डोळे भरले. “आजचं शूटिंग तेवढं होऊ दे. उद्या हिला तुझ्या दारात आणून ठेवते. शब्द देते.”

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू म्हणजे कुणाच्या तरी आयुष्याचा तुकडा. नेताना खरं काय ते सांगा. आणि आपल्या घरातल्या जुन्यापान्यालाही अधूनमधून मायेने हात लावा. आम्ही बोलत नाही. भीती मात्र आम्हालाही वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे चहाला गेले. साहेबांना न सांगताच भाचीने स्वतःच्या घरचं, पाय निखळलेलं स्टूल आणून माझ्या जागी ठेवलं. मी त्याची मनोमन क्षमा मागितली.

काका मात्र दारातच उभे होते. “अगं, कालपर्यंत खुर्ची होती ना? लोक काय म्हणतील?”

“काका, दोन दिवस खुर्चीला औषध पाजलंत, तेव्हा कुणी काही म्हणालं?”

काका खुदकन हसले आणि त्यांनी दार धरून ठेवलं. भाचीने मला उलटं करून डोक्यावर घेतलं, पावलांचा आवाज न करता जिना उतरली आणि मावशींच्या घराच्या रस्त्याला लागली.