दहा हजार सात जणांचा फोटो

नगराध्यक्षांच्या मनात आलं, की सगळ्या गावाचा मिळून एक फोटो असावा. त्यांनी गावातल्या एकुलत्या एका फोटोग्राफरला बोलावून घेतलं. तान्ह्या बाळापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे हवेत, रांगा अगदी सारख्या हव्यात, आणि फोटोग्राफरनंही टायमर लावून धावत येऊन रांगेत उभं राहायचं, असं ठरलं. गावाची वस्ती होती दहा हजार सात.

मैदानावर चुन्यानं रेघा मारताना फोटोग्राफरचं डोकं फिरायची वेळ आली. रांगा कशाही लावा, शेवटी कोणीतरी उरायचंच. मग शाळेतल्या गणिताच्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. सगळ्यांची एकच लांबलचक रांग करा, दुसरा इलाज नाही.

"तिला जरा समजावून सांगा," नगराध्यक्ष म्हणाले.

"कोणाला?"

"संख्येला. गावाचं काम आहे म्हणावं."

बाईंनी हात टेकले. एक माणूस वाढला, तर मात्र एकशे एकोणचाळीस जणांच्या बहात्तर रांगा होतील, एवढं सांगून त्या तासाला गेल्या.

आपल्या बहिणीचे दिवस भरत आलेत, हे फोटोग्राफर बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. दुसऱ्या दिवसापासून बहिणीच्या दाराशी नगरपालिकेचा शिपाई स्टूल टाकून बसला. गाव रोज इस्त्रीचे कपडे घालून वाट बघायचं. येणारा-जाणारा खिडकीतून विचारायचा, अजून नाही का?

"दादा, मूल माझं आहे, तुझ्या रांगेचं नाही," बहीण म्हणाली.

शेवटी ती बाळंत झाली. जुळं झालं. नगराध्यक्ष फुलं घेऊन आले, दोन पाळणे पाहून मटकन खालीच बसले. त्यांच्याबरोबर आलेल्या गणिताच्या बाईंनी तिथल्या तिथे आकडेमोड केली. दहा हजार नऊ हीसुद्धा मूळ संख्याच निघाली. दोनाच्या अंतरानं येणाऱ्या अशा मूळ संख्यांनाही जुळ्याच म्हणतात, असं त्यांनी आनंदानं सांगितलं. तो आनंद त्यांच्यापुरताच राहिला.

"यातलं एक जर..." नगराध्यक्षांनी सुरुवात केली. बहिणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचं त्यांनी गिळलं.

"मी राहतो बाहेर," फोटोग्राफर म्हणाला. "बटण दाबायला कोणीतरी लागेलच."

पण 'अवघं गाव एका फोटोत' अशी पाटी रंगवून झाली होती. ती खोटी कशी पडू द्यायची? नगराध्यक्षांनी तातडीची सभा घेतली आणि फोटोग्राफर या गावचा नाही, असा ठराव एकमतानं झाला. हात वर करणाऱ्यांत तो स्वतःही होता. फोटो झकास आला.

तो अजून त्याच गल्लीत, त्याच घरात राहतो. पण ठराव तो ठराव. सकाळी स्टुडिओ उघडायला निघाला, की लोक थांबवून प्रवास कसा झाला विचारतात, मुक्काम किती दिवस म्हणतात. आधी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मात्र पाहुणा म्हणून बहीण त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि जेवण झालं की दोन्ही भाचरं त्याच्या मांडीवर झोपतात. हल्ली कोणी विचारलंच, तर तो म्हणतो, "बघू. आहे अजून दोन-चार दिवस."