अस्तराखालचं नाव

मी एक जुना खाकी बटवा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात सुया, दोरे आणि चार सुटी बटणं, म्हणून जन्मभर सगळ्यांनी मला बायकी वस्तू मानलं. याचा मला भारी राग यायचा. मी एका जवानाच्या पाठपिशवीत वाढलो. पलटणीत ज्याचं बटण तुटेल त्यानंच ते लावायचं असतं. सामानाची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यानं माझ्या आतल्या बाजूला शाईनं नाव आणि नंबर लिहिला होता.

लढाईत तो गेला. त्याच्या सोबत्यानं मला त्याच्या बायकोकडे पोचवलं. माझं आतलं कापड विरलं होतं आणि तिचा हात शिवणात तयार. तिनं निळं अस्तर लावून मला धडधाकट केलं. नाव, नंबर अस्तराखाली गेले, पण ते तिला पाठच होते. वर्षभरात तापानं तीही गेली. तीन वर्षांच्या मुलाला परगावच्या काकांनी वाढवलं. आपला भाऊ न सांगता घर सोडून गेला, एवढंच काकांना ठाऊक होतं; पलटणीचं त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. तेच त्यांनी पोराला सांगितलं.

पोरगा पुढे शिंपी झाला. आईची आठवण म्हणून मला त्यानं मशीनच्या खणात ठेवलं. बापाचा विषय निघाला की त्याची कात्री जोरात चालायची. पुढे तयार कपडे आले, मशीन थंडावलं, आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना.

परवा त्याच्या नातीनं खण आवरला. उसवलेलं अस्तर नीट करायला तिनं ते काढलं, तर शाईनं लिहिलेलं पणजोबांचं नाव आणि पलटणीतला नंबर दिसला. तिनं लष्कराच्या कचेरीला पत्र धाडलं. उत्तरात जवान कुठे आणि कोणत्या तारखेला पडला ते होतं.

"आजोबा, तेव्हा तुम्ही दोन वर्षांचे होता," ती म्हणाली.

ऐंशीच्या शिंप्यानं पत्र दोनदा वाचलं. "मी त्यांना जन्मभर शिव्या दिल्या गं," म्हणाला आणि रडला.

मग त्यानं सुई मागितली. दोरा नातीनं ओवून दिला. निळं अस्तर त्यानं तीन बाजूंनी शिवलं. चौथी राहिली, असं ती म्हणाली.

"राहू दे. पुढच्यांना बघता आलं पाहिजे."

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, पण एकदा उलटूनही बघा. आम्हाला बोलता येत नाही. त्याच्या बापाचं नाव पोटात घेऊन मी इतकी वर्षं त्याच्या हाताशीच पडून होतो.